मेहुण्यांसमोर भरलेला फॉर्म

पूर्णा गावातली आमची जमीन गोदामवाल्यांनी घेतली, तेव्हा मी इतका श्रीमंत झालो की आरशातलं माझंच तोंड मला शेट म्हणायला लागलं. जमिनीबरोबर घरही गेलं. नवं दिवाळीनंतर बांधायचं, तोवर धामणकर नाक्याला कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यावर भाड्याची खोली. खाली लूम सुरू झाले की वर आमची खाट चालायची. भिंतीपाशी झोपलेला मी दारात उठायचो.

घराचा पैसा तोवर कुठे ठेवायचा, हे विचारायला एका गुंतवणूक सल्लागाराकडे गेलो आणि दोन्ही मेहुण्यांना बरोबर नेलं. तिथेच मेलो. आमच्यात जमीन विकलेला माणूस बायकोच्या भावांसमोर नरम बोलला, तर पुढच्या हळदीच्या मटणात त्याच्या ताटात नुसता रस्सा पडतो.

सल्लागाराने फॉर्म काढला. "काका, बाजार पडला तर काय कराल? विकाल, थांबाल, की आणखी घ्याल?"

"पडला तर खांद्यावर घेऊन उभा करीन!"

"हा दाजी!" धाकट्याने मांडीवर थाप मारली.

"पैसे किती वर्षं लागणार नाहीत?"

खरं उत्तर होतं, आठ महिने. थोरला मिशीत हसत होता. मी म्हणालो, "पणतूच्या बारशापर्यंत हात लावत न्हाय."

"थोडे मुदत ठेवीत टाकू या?"

"ठेव ठेवायला मी काय म्हातारा हाय?"

सगळे पैसे शेअर्समध्ये गेले.

बायकोने खोलीच्या फरशीवर खडूने नवं घर काढलं होतं. पाच खोल्या, पडवी, देवघर. मग बाजार पडायला लागला. मोबाइल उघडला की आकडा असा आपटायचा की खालचे लूम दचकून थांबायचे. ती रोज बघायची आणि ओलं फडकं घ्यायची. आधी भावांसाठी काढलेली पाहुण्यांची खोली पुसली. मग पडवी. मग आणखी एक खोली.

"थांबू या गं, वर येईल."

"येईल. पन दिवाली थांबल का?"

एके सकाळी तिने फडकं देवघरावर धरलं आणि हात हलेना. जमीन गेली तेव्हा न रडलेली बाई फरशीवर बसून रडली. फडकं मी काढून घेतलं. दोघंच सल्लागाराकडे गेलो.

त्याने पुन्हा तोच फॉर्म ठेवला. "बाजार पडला तर?"

सवयीने माझी छाती फुगली. बायकोने नुसतं बघितलं.

"लिहा, काका घाबरला," मी म्हणालो. "मोठ्या अक्षरात लिहा. सगळं काढा."

"आत्ता काढलंत तर तोटा पक्का होईल."

"व्हवू दे," ती म्हणाली.

संध्याकाळी धाकट्याचा फोन. "दाजी, बाजार पडलाय. आणखी घेतलं का?"

"पोतंभर!" मी ओरडलो.

तेवढ्यात खाली लूम सुरू झाले. खाट निघाली, फरशीवरच्या खडूच्या स्वयंपाकघरातून सरळ देवघराकडे. मी फोन टाकला आणि दोन्ही हातांनी खाटेचा पाय धरून बसलो.