होडी घरी आणली ते वर्ष

आमची शिडाची होडी आहे म्हटलं की सिल्वासात माणूस आधी हसतो. इथे कारखाने, समुद्र कुठला? समुद्र दमणला. होडी तिथल्या खाडीत असते आणि तिचा खर्च आमच्या घरात.

यांचं लहानपण डहाणूच्या किनाऱ्यावर गेलं. सरकारी शाळेत मास्तर म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. निवृत्त झाल्यावर यांनी होडी घेतली. थंडीत किनाऱ्याकिनाऱ्याने डहाणूपर्यंत जायचं, नणंदेकडे जेवायचं, परत यायचं. मजा येते, खोटं कशाला बोलू? पण ते चार दिवस सोडले तर वर्षभर ती नुसती खात बसते. रंग, दोर, शिडाला ठिगळं, राखणदाराचा पगार, परवान्याच्या खेपा, आणि पावसाळ्यात वर ओढून ठेवायचं भाडं वेगळंच. आमच्या स्वयंपाकघराचा स्लॅब गळतो. त्याचं काम दर वर्षी ठरतं, आणि दर वर्षी होडीचं काहीतरी निघतं. मी ओट्यावर बादली लावते.

गेल्या पावसाळ्याआधी हे म्हणाले, "भाडं तरी वाचवू. टेम्पोत घालून होडी घरी आणू."

सिल्वासातल्या डोकमर्डीत आमच्या घराला लागून स्कूटरसाठी पत्र्याची शेड आहे. पावसाळाभर स्कूटर बाहेर भिजली आणि होडी आत बसली. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन पडलं, पत्रा तापला आणि होडीच्या फळ्या आक्रसल्या. फटींतून पलीकडची तुळस दिसायला लागली. लाकडी होडी अशी सुकवायची नसते, हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. यांनाही माहीत होतं. पण इतकी वर्षं कारखान्यांच्या गावात काढली, वस्तू कोरडी राहिली की टिकते, एवढंच डोक्यात राहिलं.

मग फळ्या परत फुगाव्यात म्हणून सकाळ-संध्याकाळ होडीवर ओली पोती टाकायची. यांचा खांदा दुखतो, म्हणजे पाणी मीच ओतायचं. शेजारचा धुळ्याकडचा मुलगा प्लास्टिकच्या कंपनीत आहे. शिफ्टवरून येताना विचारायचा, "मावशी, बोटले आंघोळ घातली का आज?"

"घातली. आता वेणी घालायची राहिलीय."

तो हसत जायचा. माझ्या कंबरेला काही हसू येत नव्हतं.

एक दिवस मी पोतं खाली टाकलं. म्हटलं, "अहो, माझ्याने होत नाही आता. विकून टाका."

हे बराच वेळ होडीच्या कडेवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "एकदा पाण्यात घालून बघू. संध्याकाळपर्यंत आत पाणी यायचं थांबलं नाही, तर देऊन टाकू."

"आणि स्लॅब?"

"त्याच पैशात."

पुन्हा टेम्पो केला, पुन्हा दमण. सांध्यांत कापूस ठासून घेतला, त्याची मजुरी आणखी वेगळी. भरतीला होडी पाण्यात सोडली. घरून आणलेल्या बादलीने आम्ही पाळीपाळीने आतलं पाणी उपसत राहिलो. दुपारी हे दमून धक्क्यावर आडवे झाले, तेव्हा मी एकटीच उपसत होते. थांबले असते तर चाललं असतं. होडी आपोआप भरली असती आणि स्लॅब झाला असता. पण हात काही थांबला नाही. भरत आलेली वस्तू बघवत नाही मला.

उन्हं उतरली तेव्हा बादली तळाला नुसती खरवडत होती. हे उठून आले, वाकून तळाला हात लावला.

"थांबलं गं."

"दिसतंय मला."

"पुढच्या पावसाळ्यात इथेच ठेवू. देऊ भाडं."

मी बादली विसळली आणि घरी आल्यावर परत ओट्यावर ठेवली.