मेश्राम सरांचा फुगा

आमच्या नागभीडच्या शाळेत सगळ्या गोष्टींचं रजिस्टर आहे, फक्त स्टाफरूममधल्या किश्श्यांचं नाही. ठेवलं असतं तर एकट्या मेश्राम सरांसाठी वेगळं कपाट लागलं असतं. सर विज्ञान शिकवतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मोबाइलवर वाचलं, की मधाची हलकी दारू घरीच करता येते. तेव्हापासून आमचा चहा काही शांततेत झालेला नाही.

'दारू' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "पेय म्हना. मी प्रयोग करून राह्यलो."

*

आमचा शिपाई मडावीभाऊ एटापल्लीकडचा. तो गावाहून जंगलचा मध आणतो. एक वाटी मध, आठ वाट्या पाणी, चिमूटभर यीस्ट, सगळं काचेच्या बरणीत. तोंडाला फुगा लावायचा, म्हणजे आतला गॅस फुग्यात जातो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही.

सरांना दुकानात फुगा मिळाला तो 'हॅपी बर्थडे' लिहिलेला. तिसऱ्या दिवशी तो टम्म फुगून घराच्या खिडकीत दिसायला लागला. शेजारच्या काकू डब्यात शिरा घेऊन हजर. "कोनाचा वाढदिवस आहे जी?"

वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सरांकडे पाहिलं. सरांनी मुकाट्यानं शिरा खाल्ला. दोन महिन्यांनी खरा वाढदिवस आला, तेव्हा काकू म्हणाल्या, "वर्षातून किती खेपा करता?"

*

फुगा मात्र दर खेपेला फुटायचा. स्टाफरूममध्ये यावर आठवडाभर चर्चा झाली. गणिताच्या सरांनी फळ्यावर दाब काढला, इतिहासाच्या बाईंनी चिनी मालाला दोष दिला. पीटीचे बोरकर सर म्हणाले, "महागातला आना." महागातला जास्त जोरात फुटला.

*

एका रविवारी बोरकर सर तीन गिलास प्यायले आणि त्यांनी ग्राउंडवरच्या चुन्याच्या रेघेवरून सरळ चालून दाखवलं.

"सर, काईच होऊन नाई राह्यलं."

"तेच तर यश आहे! हलकं पेय आहे ना."

"मंग सरबत काऊन नाई करत? दोन मिनिटांत होते."

सर रागावले. त्यांनी मडावीभाऊला गिलास दिला. भाऊनं एक घोट घेतला आणि गिलास परत केला. मग म्हणाला, "सर, मध लई चांगला होता."

*

आता प्रज्ञाची गोष्ट. ही सरांची एकुलती एक मुलगी. कॉलेजातल्या एका मुलावर तिचं मन बसलेलं. मुलगा वैनगंगेपलीकडचा, गडचिरोलीचा, म्हणजे दारूबंदीच्या जिल्ह्यातला. त्यात त्याची आई गावच्या दारूबंदी महिला समितीची अध्यक्ष. मोहाची भट्टी ती म्हणे वासावरून हुडकते.

ती बघायला येणार म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, "बरणी फेका."

"आज पाचवा दिवस आहे. आता कशी फेकू?"

प्रज्ञाला रडू आलं. "बाबा, माझं लग्न मोडलं तर मी तुमच्याशी जन्मात बोलनार नाई."

शेवटी बरणी बैठकीतल्या कपाटात गेली, चादरींच्या मागे. गप्पा चालू ठेवायला मला बोलावलं होतं. मी धानाच्या भावावर बोललो, रस्त्यांवर बोललो, वाघावर बोललो. पोहे झाले. प्रज्ञा चहाचा ट्रे घेऊन आली आणि कपाटातून आवाज आला, फट्ट!

आंबूस-गोड वास बैठकभर पसरला. प्रज्ञानं ट्रे टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "फुगा आहे."

मुलाची आई उठली. कपाट उघडलं, चादर बाजूला केली, वाकून बरणीचा वास घेतला. तोंडाला लोंबणारं फाटकं रबर बोटानं उचलून पाहिलं. मग कपाट लावून जागेवर येऊन बसली आणि ट्रेमधला कप उचलला.

"चहा चांगला झाला, पोरी. साखरपुडा कवा करायचा?"

वहिनींनी डोळे पुसले. सर अजून कपाटाकडेच बघत होते. मुलाची आई त्यांच्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, फुग्याले सुईनं एक बारीक भोक पाडत जा. मंग फुटत नाई."