उजवीकडे लावलेली मेडलं

"ताई, तुमी जरा मांगं व्हा. ओवाळाले सवाष्णी पायजेत."

मॅडमनी हे हळू आवाजात, हसून सांगितलं. कार्यक्रमाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. मी दारातून बाजूला झाले. राग आला नाही. काहीच आलं नाही. बसून बसून पाय बधिर होतो, तसं सगळं अंग बधिर झालं होतं.

वाशिमला त्या दिवशी माजी सैनिकांच्या नव्या विभागाचं कार्यालय उघडणार होतं. असा वेगळा विभाग सरकारनं काढावा म्हणून अर्ज आम्ही जवानांच्या बायकांनीच केले होते. कामरगावपासून शेलूबाजारपर्यंत जीपनं फिरून सह्या मी आणल्या होत्या. माझा नवरा सीमेवर कामी आला. त्याच्यामागे एकेका कागदासाठी मी किती टेबलं पालथी घातली, ते माझं मला माहीत. आता आमच्यासारखीला एकच दार असेल, असं वाटलं होतं. त्याच दारात मी नको होते.

आम्ही बौद्ध. ओवाळण्याचं मला तसंही काही नव्हतं. मला नुसतं तिथं उभं राहायचं होतं.

आत टेबलावर त्याचा हार घातलेला फोटो. समोर त्याची दोन मेडलं. शोभेला पाहिजेत म्हणून आदल्या दिवशी मागून नेलेली. म्हणजे मेलेला माणूस चालत होता. त्याची मेडलं चालत होती. मी तेवढी चालत नव्हते.

तेव्हा कुठे आत काहीतरी हललं. मी गेले आणि मेडलं उचलली.

मॅडम धावत आल्या. "अवं, हे काय करून राह्यल्या? सायेब गेटवर आले!"

"मेडलं माह्या घरचे हायेत. मी मांगं, तं थे बी मांगं."

त्याच्या पलटणीतल्या सुभेदारांनी मला एकदा सांगितलं होतं. जवान मेडल डावीकडे लावतो, त्याच्या मागे राहिलेल्यानं ते उजवीकडे लावायचं. इतकी वर्षं ती डब्यात पडून होती. मी पदर उजव्या खांद्यावरून ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर दोन्ही लावली. मग जिथून हटवलं होतं, तिथेच जाऊन उभी राहिले. ताटं घेतलेल्या बायका सरकल्या.

उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी मला हात जोडले. मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी या कार्यालयात पहिला अर्ज माझा पडेल. इथल्या कुठल्याही कार्यक्रमात विधवेला मागे उभं करणार नाही, असं लेखी द्या. ते हातात पडेपर्यंत रोज येईन. मेडलं लावून येईन. आणि दारातच बसेन.