आपट्याच्या बाईच्या पेशी

जगात माझं जे काही थोडंफार नाव आहे ते एका पेपरमुळे. बाकीचे पेपर मीच लिहिले आणि मीच वाचले, असं म्हणायला हरकत नाही. मी कॅन्सरच्या पेशींवर काम करते. पनवेलला राहते, हायवेच्या पलीकडे आमची लॅब. कुठे कुणी त्या पेपरचा आधार घेतला की फोनवर मेल येतो, सायटेशन वाढलं म्हणून. आधी पेढे वाटायचेच काय ते बाकी असायचे. हल्ली फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवते. पेपर मागे घेतला तरी लोक त्याचा आधार घेतातच आहेत!

तो पेपर आपटा गावच्या एका बाईवर उभा होता. मिशेरी लावून लावून तिच्या गालाच्या आत गाठ झाली होती. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा माझ्याकडे येणार होता, तेव्हा मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, "काका, यातल्या पेशी आम्ही जिवंत ठेवू, वाढवू. औषध शोधायला मदत होईल." बाई काही महिन्यांतच गेली. पेशी मात्र तगल्या, नुसत्या फोफावल्या.

काकांनी माझं बोलणं जसंच्या तसं धरलं. दर वर्षी वाल निघाले की एसटीने पनवेलला यायचे, पिशवीभर कडवे वाल माझ्या ओट्यावर ठेवायचे आणि विचारायचे, "कशी हाय ती? बरी हाय ना?" पहिल्यांदा मी शास्त्र समजावायला लागले. मग म्हटलं, जाऊ दे, यांचं काय बिघडतंय? "बरी आहे," म्हणायचे. एकदा तर त्यांना लॅबमध्ये नेलं. चपला बाहेर काढून, टोपी हातात धरून ते मायक्रोस्कोपला डोळा लावून उभे राहिले. "लय झाल्या की," एवढंच म्हणाले. मग मी त्यांना स्टँडवर सोडलं.

या वर्षी मी बढतीचा फॉर्म भरत होते. पेपरांच्या यादीत सगळ्यात वर तोच. तेवढ्यात परदेशातल्या एका लॅबचा मेल आला. आमच्याकडून नेलेल्या त्या पेशींचा डीएनए त्यांनी तपासला होता. अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं, की या पेशी पुरुषाच्या आहेत.

माझं डोकंच फिरलं. आले मोठे शहाणे! म्हटलं, आपणच तपासू. टाकीत गोठवलेल्या सगळ्यात जुन्या कुपीपर्यंत मागे मागे गेले. सगळ्या पुरुषाच्या.

मग ती दुपार आठवली. एका प्रकारच्या पेशींच्या खाद्याची बाटली दुसऱ्या पेशींना वापरायची नाही, हे मी लॅबमध्ये सगळ्यांना ओरडून सांगते. त्या दुपारी मला घाई होती. लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढणाऱ्या, कुणा पुरुषाच्या जुन्या पेशींच्या खाद्याची बाटली समोर उघडी होती, तीच मी बाईच्या डिशला वापरली. तिच्यात त्या जुन्या पेशी उतरलेल्या असल्या तर एक थेंबही पुरतो. त्या दांडग्या पेशी तणासारख्या माजल्या आणि बाई खाली दबून संपली. तिला मी दुसऱ्यांदा मारलं. असं म्हणू नये, कळतं मला. पण रोज असंच वाटतं.

पेपर मागे घेतेय म्हणून पत्र पाठवलं. बढती गेली. "कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?" सहकारी म्हणाले. त्याचं वाईट वाटलं नाही, असं खोटं कशाला बोलू? वाटलं. पण धास्ती होती ती वेगळीच. वाल निघायचे दिवस आले होते.

काका आले. पिशवी ओट्यावर ठेवली. "कशी हाय ती?"

"ती नाही, काका," मी म्हटलं. "ती तेव्हाच गेली, माझ्या चुकीने. तुम्ही पाहिलंत ते दुसरंच कुणीतरी होतं." मग सगळं सांगितलं.

त्यांच्यापुढच्या चहावर साय धरली. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

"म्हंजे ती गेली ती गेलीच," ते म्हणाले. मग विचारलं, "आन् तो मानूस कोन?"

"माहीत नाही. कुठला कोण, मरूनही खूप वर्षं झाली."

"त्याच्या घरच्यांना ठावं हाय, तो हितं हाय म्हनून?"

"नाही."

काका उठले, चपला घातल्या. "मंग त्याला कोन इचारतं, बरा हाय का?"

"कुणी नाही, काका."

वाल त्यांनी परत नेले नाहीत.