ताईचे तीन प्रश्न

माझ्या ताईची सगळी नोकरी इंजिनियरांचे रिपोर्ट सुधारण्यात गेली. तपासणीची कंपनी होती तिची. कुठल्या कारखान्यात बॉयलर, क्रेन, लिफ्ट असलं काही कुरकुरायला लागलं की इंजिनियर जाऊन बघून यायचे आणि मग पानंच्या पानं भरत बसायचे. ते मालकाला कळेल असं करून देणं हे ताईचं काम. मी बोलायला लागले की थांबत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे तिच्या तडाख्यातून मीही सुटले नाही. आता हेच बघा, हे शेवटचं वाक्य तिने केव्हाच उडवलं असतं.

तिच्या टेबलासमोर भलेभले घाम पुसायचे. त्यातला एक तर इतकं लांबण लावायचा की ऑफिसात त्याचं नावच पाल्हाळसाहेब पडलं होतं. एकदा त्याने क्रेनचा रिपोर्ट आणला. क्रेन कुणी बांधली, पोलाद कुठलं, त्या दिवशी हवा कशी होती, सगळं साग्रसंगीत. आणि हुकाला तडा गेलाय, हे शेवटच्या पानावर! ताई म्हणाली, "साहेब, मालक इथवर वाचेपर्यंत क्रेन खाली यायची की हो!" मग तिने नेहमीसारखे कागद पालथे घातले आणि विचारलं, "तोंडी सांगा. काय बिघडलंय? पुढे काय होईल? मालकाने काय करायचं?" बिचाऱ्याने एका दमात सांगितलं. "झालं, हाच तुमचा रिपोर्ट." तो अर्ध्या पानाचा रिपोर्ट वाचून मालकाने क्रेन त्याच दुपारी बंद केली. मलाही कौतुक होतं तिचं, खोटं कशाला बोलू.

पण बाई गं, हे घरी कशाला आणायचं? तिची लेक शाळेतून धावत यायची, दप्तर अजून पाठीवरच. "आई, मधल्या सुट्टीत ना, आधी ती खिडकीत बसली होती, मग मी..." ताई भांडी विसळता विसळता म्हणायची, "मुद्दा काय? आधी शेवट सांग."

"भांडण झालं."

"मिटलं?"

"हो."

"मग झालं तर."

पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. मी म्हणायचे, "अगं, बोलू दे की तिला!" तर ताई म्हणायची, "तू आहेस ना बोलायला." असा राग यायचा मला! पुढे पोर शहाणी झाली. आईला नुसता शेवट सांगायची आणि बाकीचं सगळं माझ्याकडे येऊन.

मोठी झाली, लग्न होऊन गेली. परवा त्याच पोरीचा फोन आला. मी ताईकडेच मटार सोलत बसले होते, स्पीकर चालू होता.

"आई, आम्ही वेगळे झालो. घटस्फोट दोघांच्या संमतीने होईल. तू काही करायची गरज नाही, मी ठीक आहे."

काय बिघडलं, पुढे काय, समोरच्याने काय करायचं. एक शब्द जास्तीचा नव्हता. ताई म्हणाली, "अगं पण... कधीपासून? कसं झालं?"

"मुद्दा सांगितला ना, आई. तुझा वेळ नाही घेत." आणि फोन ठेवला. कुजकट बोलली नाही हो ती, तेच तर लागलं. आईला असंच आवडतं, म्हणून तशी बोलली बिचारी.

ताई माझ्याकडे वळली. म्हणाली, "तुला माहीत होतं?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. पोर वर्षभर माझ्यापाशी रडत होती. आईला सांग म्हटलं की म्हणायची, "तिला एवढं ऐकायला नाही आवडत, मावशी."

"हो, माहीत होतं," मी म्हटलं. "थोडक्यात सांगायचं तर..."

"थोडक्यात नको गं." ताईने माझा हात धरला. "पहिल्यापासून सांग. ती काय म्हणाली, कशी म्हणाली, कुठे रडली, सगळं."

मी सांगत गेले. भरकटले, मागे आले, तेच ते पुन्हा सांगितलं. ताईने एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून तिने डोळे पुसले, फोन हातात घेतला आणि तसाच मटारांच्या सालांवर ठेवून दिला.

"मीच तिला गप्प केलं," ती म्हणाली. "आता काय विचारू गं तिला? मला तीनच प्रश्न येतात."