मिशी नसलेली दाढी

कोपर गावचा आमचा पंढरी दाढी ठेवतो, त्यामागे धर्म नाही, आळस आहे. बायजा होती तेव्हा "बोकडावानी दिसताव, जा, भादरून या" म्हणत त्याला घराबाहेर काढायची. तिच्या दहाव्याला न्हाव्याने सगळं उतरवलं, त्यानंतर त्याला हाकलायला कोणी उरलंच नाही. दाढी छातीवर आली. मिशी मात्र तो स्वतः कातरतो, कारण ती बशीतल्या चहात बुडते.

बापजाद्यांच्या जमिनीवर बिल्डिंग झाली, त्यात त्याला दोन फ्लॅट मिळाले. एकात तो राहतो, दुसऱ्यात त्याचा आवाज घुमतो. लेक जागृती बंगळुरूला.

नातीच्या बारशाला निघाला. विमानतळावर तपासणीच्या रांगेतल्या वर्दीवाल्याने ती मिशी नसलेली दाढी पाहिली.

"चाचा, जरा साइड में आओ."

बाजूच्या बाकड्यावर आधीच एक म्हातारा बसवलेला. दाढी तशीच, पण त्याची श्रद्धेची. कल्याणच्या दूधनाक्याचा, बोलायला मात्र थेट पंढरीच्या आळीतला वाटावा. पंढरीच्या पिशवीतून डबा निघाला. वर्दीवाल्याने झाकण उघडलं आणि मान मागे घेतली.

"सुकटीची चटणी," म्हातारा लांबूनच म्हणाला. "लसून कमी पडलाय."

"बायको गेल्यापासून मीच करतो."

"माजी गेली तवापासून माज्या बी चटनीत कमीच पडतो."

वर्षभरात पंढरीशी कोणी एवढं बोललं नव्हतं. विमानही दोघांचं एकच निघालं. मग काय, वर गेल्यावर शेजारी बसायचं आणि उरलेलं बोलायचं, असं ठरलं.

तेवढ्यात वर्दीवाल्याने पंढरीचं आधार कार्ड वाचलं. आवाज एकदम मऊ झाला.

"सॉरी हं काका. तुम्ही जा."

"आनि हे?"

"चाचांना वेळ लागेल."

"मंग मी बी थांबतो."

"जावा हो," म्हातारा हसला. "तिकडं बारसं अडंल. मला सवय हाय."

पंढरी गेला. विमानाचं दार लागेपर्यंत दाराकडेच बघत राहिला. म्हातारा आलाच नाही.

परवा मी त्याला म्हटलं, "अरे, थोडी मिशी ठेव. पुढचा त्रास वाचेल."

"आनि चहा रं?"

त्याने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "दूधनाक्याव दोनदा जाऊन आलो. पन इचारू काय? त्या वर्दीवाल्यानं आमा दोघांची नावं वाचली. मीच त्याचं नाव इचारलं नाय."