मामाजींच्या पलीकडच्या चपला

एकाच दिशेने जाण्यात माझ्या बायकोच्या मामांइतका तरबेज माणूस नागपुरात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते गोव्याला गेले आणि विंडसर्फिंगची एक जुनी फळी शिडासकट विकत घेऊन, संत्री उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून धरमपेठेत आले. फळीवर उभं राहायचं, शीड दोन्ही हातांनी पेलायचं आणि वाऱ्याच्या जोरावर आपल्याला हवं तिकडे जायचं, असा हा खेळ. मामाजी मात्र वाऱ्याला हवं तिकडे जात. शहराबाहेरच्या तलावाच्या पश्चिम काठावरून सुटले की सरळ पूर्वेच्या पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला लागत. परतायचं तर शीड फिरवून वाऱ्याला तिरकं कापत यावं लागतं. ते त्यांना सहा वर्षं जमलं नाही. ते ऑटोने परत येत. फळी टपावर बांधलेली, आत मामाजी ओल्या कपड्यांत ताठ बसलेले. ऑटोवाला ठरलेला होता. तो आधीच पाळीवर जाऊन थांबे, कारण मामाजींच्या चपलांचा दुसरा जोड त्याच्या सीटखाली असे. पहिला जोड अलीकडच्या काठावर. तापलेल्या दगडांवरून अनवाणी चालणं त्यांना मंजूर नव्हतं.

वाऱ्याचा अंदाज ते मोबाइलवर पाहत नसत. दुपारी गच्चीत ओला दुपट्टा टाकायचा आणि खाली चहा ठेवायचा. चहा उकळायच्या आत दुपट्टा सुकला, तर वारा पुरेसा. मग फोन. एकदा मी पत्रपरिषदेत असताना फोन आला. मी दबक्या आवाजात म्हणालो, "मामाजी, मंत्री बोलताहेत." पलीकडून उत्तर आलं, "त्याईले बोलू दे. दुपट्टा सुकला."

मी जात असे. सीताबर्डीत औषधांचं दुकान असलेला माझा मित्रही शटर अर्धं खाली ओढून येत असे. तो म्हणे, "मामाजी, एक बार तरी वापस येऊन दाखवा ना." मामाजी डोक्याला दुपट्टा गुंडाळत म्हणत, "वापस यायची घाई तुले असंन. मले नाही."

घाई त्यांच्या मुलाला होती. मामी गेल्यापासून तो त्यांना पुण्याला, आपल्या घरी राहायला बोलावत होता. मामाजींनी त्याला आमच्यासमोर फोनवर सांगितलं होतं, "ज्या दिवशी पाण्यावरून वापस येईन, त्या दिवशी पुण्याले येतो. तोवर हा विषय काढू नको." मुलाने ते मान्य केलं आणि दर रविवारी विचारू लागला, "आज जमलं का, बाबा?"

यंदा एप्रिलमध्ये तो न कळवता आला. विमानतळावरून थेट तलावावर, इस्त्रीच्या पँटमध्ये, पायात बूट. वारा त्या दुपारी इतका होता की मित्राची टोपी उडून बाभळीत अडकली. मामाजींनी मुलाकडे एकदा पाहिलं, चपला काढून नेहमीच्या जागी ठेवल्या आणि ते निघाले.

तलावाच्या मध्यावर शीड आडवं झालं. त्यात नवं काही नव्हतं. मामाजी पडत आणि लगेच वर चढत. या वेळी चढले नाहीत. पाण्यावर नुसतं शीड दिसत होतं.

"बाबा!" म्हणत मुलगा बुटांसकट पाण्यात शिरला. त्याला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं. आम्ही दोघे मागे धावलो आणि पाणी त्याच्या छातीला लागल्यावर त्याला धरलं.

तेवढ्यात शिडाआडून मामाजींचं डोकं वर आलं. ते फळीवर चढले, दोरीने शीड उभं केलं आणि आमच्याकडे पाहिलं. मग डोलकाठीच्या पुढून दोन पावलांत पलीकडच्या बाजूला गेले. फळीचं तोंड फिरलं. तिरके आले, पुन्हा वळले, पुन्हा तिरके आले. घड्याळ पाहायची मला सवय आहे. नऊ मिनिटांत ते आमच्यापुढे गुडघाभर पाण्यात उभे होते. दोन्ही वळणं एखाद्या शिकवणाऱ्याने घ्यावीत तशी होती.

"तुले पोहता येत नाही ना बे? काहून घुसला पाण्यात?"

"तुम्ही दिसून नव्हते राहिले, बाबा."

मामाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडून मुलाच्या हातात दिला. "तोंड पूस," म्हणाले. "आणि तिकिटाचं बघ. दोन काढ."

मित्राने माझ्याकडे पाहिलं. हे वळण मामाजींना कधीपासून येत होतं, हा प्रश्न आमच्या दोघांच्याही तोंडाशी होता. प्रश्न विचारण्याच्या नोकरीत माझी तीस वर्षं गेली. हा मी विचारला नाही.

मे महिन्यात मामाजी पुण्याला गेले. फळी माझ्या पोर्चमध्ये उभी आहे. परवा दुपारी जोराचा वारा सुटला आणि ऑटोवाल्याचा फोन आला. "साहेब, पाळीवर येऊन उभा राहू का?"

मी म्हणालो, "मामाजी इथे नाहीत आता. तुला सांगितलं होतं ना?"

"मालूम आहे, साहेब," तो म्हणाला. "पण त्याईच्या चपला अजून माझ्याच सीटखाली आहेत."